जिवंत प्राण्यांची निर्यात आणि नागपूरचा विरोध : एक मागोवा

बाविसावे तीर्थंकर भगवान नेमिनाथ यांच्या जीवनातील वैराग्याचा प्रसंग जैन घराघरांत पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो. राजकुमारी राजुलशी विवाह करण्यासाठी निघालेल्या नेमिकुमारांच्या कानी वाटेत पशूंचा आक्रोश पडला. एका वाड्यात कोंडलेले ते पशू कशासाठी आणले आहेत, असे त्यांनी सारथ्यास विचारले. वऱ्हाडी मंडळींच्या भोजनासाठी, हे उत्तर ऐकताच त्यांनी रथ फिरवला आणि गिरनारची वाट धरली. या कथेतील एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. त्या पशूंचा वध अद्याप झालेला नव्हता; ते केवळ कोंडलेले होते. भगवंतांचे हृदय द्रवले ते रक्त पाहून नव्हे, तर जिवंत प्राण्यांची भीती ऐकून.

जिवंत प्राण्यांच्या निर्यातीचा प्रश्न नेमका याच ठिकाणी उभा आहे. मांसाची निर्यात आणि जिवंत पशूंची निर्यात या दोहोंचा शेवट एकच असला, तरी दुसरीत वधापूर्वी एक दीर्घ प्रवास असतो. त्या प्रवासात भीती, दाटी, तहान आणि कोंडमारा यांची भर पडते. २०१८ साली हा प्रश्न नागपूरच्या विमानतळापर्यंत येऊन ठेपला आणि नागपूरच्या जैन समाजाला त्यावर उभे राहावे लागले. तो प्रसंग, त्यामागचा इतिहास आणि त्यानंतर शिल्लक राहिलेले कर्तव्य यांचा हा मागोवा.

शास्त्राची दृष्टी

आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रातील सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे आणि त्या व्रतांना लागणाऱ्या अतिचारांचे विवेचन आहे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तेथे गणले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बंध म्हणजे प्राण्याला बांधून वा कोंडून ठेवणे. वध या शब्दाचा येथील अर्थ ठार मारणे असा नसून काठी-चाबकाने मारहाण करणे असा आहे. छेद म्हणजे कान, नाक आदी अवयव कापणे. अतिभारारोपण म्हणजे शक्तीपलीकडे भार लादणे आणि अन्नपाननिरोध म्हणजे वेळेवर चारापाणी न देणे.

शेकडो मैल दूर नेल्या जाणाऱ्या मेंढीच्या प्रवासाचे टप्पे या पाच शब्दांसमोर ठेवून पाहावेत. बाजारातून मालमोटारीत चढवताना मारझोड होते. ओळख पटावी म्हणून कान टोचले जातात. एकमेकींच्या अंगावर पडतील अशा दाटीने त्या भरल्या जातात आणि वाटेत पाण्याचा थेंबही मिळेलच याची शाश्वती नसते. ज्या काळी जहाज आणि विमान यांतून पशूंची अशी वाहतूक कोणाच्या कल्पनेतही नव्हती, त्या काळी आचार्यांनी सांगितलेल्या या सूक्ष्म मर्यादा आजच्या व्यापाराला तंतोतंत लागू पडतात.

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांमध्येही केशवाणिज्याचा उल्लेख येतो. केस असलेल्या सजीवांचा, म्हणजे पशूंचा आणि दासदासींचा व्यापार, असा त्याचा अर्थ परंपरेने केला आहे. गाडीभाड्यावर उपजीविका करणे, म्हणजे भाटककर्म, हेही त्याच यादीत आहे. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात या कर्मादानांचे विवेचन आढळते आणि दिगंबर परंपरेत पंडित आशाधरांनीही सागारधर्मामृतात त्यांची दखल घेतली आहे. तेव्हा या विषयावरील जैन समाजाची भूमिका ही क्षणिक भावनेतून आलेली नाही, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

माकडांपासून मेंढ्यांपर्यंत

स्वतंत्र भारतात जिवंत प्राण्यांच्या निर्यातीवरील पहिला मोठा वाद शेळ्यामेंढ्यांवरून झाला नाही; तो माकडांवरून झाला. पोलिओची लस तयार करण्यासाठी व अन्य प्रयोगांसाठी १९५० च्या दशकात उत्तर भारतातील लाल तोंडाची माकडे प्रचंड संख्येने पकडून परदेशी पाठवली जात. १९५५ साली अशाच एका खेपेतील शेकडो माकडे लंडनच्या विमानतळावर गुदमरून मेली. त्याचे पडसाद भारतात उमटले आणि सरकारने काही काळ ही निर्यात थांबवली. नंतर अटी घालून ती पुन्हा सुरू झाली. अखेर मोरारजी देसाई पंतप्रधान असताना १९७८ साली माकडांची निर्यात पूर्णपणे बंद करण्यात आली. वैज्ञानिक संशोधनाची निकड पुढे करणाऱ्या बलाढ्य देशांचा आग्रह असतानाही भारताने तो निर्णय घेतला आणि तो टिकवला.

याच काळात प्राण्यांविषयीचा कायदाही आकारास येत होता. नृत्यविदुषी श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खाजगी विधेयकाने चर्चेला तोंड फुटले आणि त्यातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा अस्तित्वात आला. पुढे १९७८ साली प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम तयार झाले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सजीव प्राण्यांविषयी दयाभाव बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. ज्या तत्त्वाला जैन परंपरेत जीवदया म्हणतात, त्याला राज्यघटनेत स्थान मिळाले.

मात्र एक उणीव राहून गेली. पशूंच्या आयातीसंबंधीचा कायदा ब्रिटिश काळातील, १८९८ सालचा. परदेशातून येणाऱ्या जनावरांबरोबर साथीचे रोग येऊ नयेत, एवढाच त्याचा हेतू होता. येथून बाहेर जाणाऱ्या पशूंच्या वेदनांविषयी त्यात काही नव्हते. परिणामी निर्यातीची बाजू प्रामुख्याने व्यापारविषयक धोरण आणि आरोग्याचे दाखले यांवर अवलंबून राहिली. शेळ्यामेंढ्यांची आखाती देशांकडे जाणारी निर्यात पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून होत राहिली. कच्छमधील तुणा हे बंदर त्यासाठी विशेष ओळखले जाऊ लागले.

नागपूरची परंपरा

नागपूरला पशुरक्षणाचा विषय नवा नव्हता. १८९१ साली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन नागपुरात भरले, तेव्हा त्याच मंडपात गोरक्षिणी सभेचीही बैठक झाली होती. इतवारी परिसरातील जैन मंदिरे आणि शहरापासून जवळच असलेले रामटेकचे श्री शांतिनाथ दिगंबर जैन अतिशय क्षेत्र यांमुळे जीवदयेचा संस्कार येथील समाजजीवनात रुजलेला आहे.

या संस्काराला अलीकडच्या काळात बळ दिले ते संतशिरोमणी आचार्य श्री विद्यासागरजी महाराज यांनी. कर्नाटकातील सदलगा येथे १९४६ साली जन्मलेल्या आचार्यश्रींचे रामटेकशी निकटचे नाते होते. २०१७ सालचा त्यांचा चातुर्मास रामटेक येथेच झाला. मांसनिर्यातीस त्यांचा सातत्याने विरोध होता. परंतु त्यांचा उपदेश विरोधापाशी थांबत नसे. भाकड गाईंसाठी गोशाळा आणि बेरोजगार हातांसाठी हातमाग अशी दुहेरी योजना त्यांच्या प्रेरणेने अनेक ठिकाणी उभी राहिली. १८ फेब्रुवारी २०२४ रोजी छत्तीसगडमधील डोंगरगड येथील चंद्रगिरी तीर्थावर त्यांनी समाधिमरण साधले. हिंसा थांबवायची तर तिच्यावर जगणाऱ्याला दुसरे काम द्यावे लागते, ही त्यांच्या कार्यातून मिळणारी शिकवण पुढील घटनाक्रमाच्या संदर्भात महत्त्वाची आहे.

जून २०१८

रामटेकचा तो चातुर्मास होऊन वर्षही उलटले नव्हते. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून शेळ्यामेंढ्या थेट शारजाला पाठवण्याची योजना जून २०१८ मध्ये जाहीर झाली. ३० जून रोजी पहिले विमान सुमारे दोन हजार पशू घेऊन निघणार होते आणि पुढील तीन महिन्यांत ही संख्या एक लाखाच्या आसपास नेण्याचा मानस होता. योजनेसाठी पुढाकार घेतला होता तत्कालीन राज्यसभा सदस्य पद्मश्री डॉ. विकास महात्मे यांनी. नेत्रतज्ज्ञ म्हणून विदर्भाला परिचित असलेले डॉ. महात्मे हे धनगर समाजाचे नेतेही आहेत. मेंढपाळाला दलालांच्या साखळीतून सोडवून परदेशातील चांगला भाव मिळवून द्यावा आणि संकटग्रस्त विदर्भाला उत्पन्नाचा नवा मार्ग मिळावा, ही त्यामागची भूमिका होती.

जैन समाजाने या योजनेस तत्काळ विरोध केला. दिगंबर-श्वेतांबर, मंदिरमार्गी-स्थानकवासी हे भेद बाजूला ठेवून समाज या प्रश्नावर एकत्र आला. अन्य प्राणिप्रेमी नागरिक व संघटनाही बरोबर आल्या. नागपुरात उमटलेल्या निषेधाचे पडसाद देशाच्या इतर भागांतील जैन समाजातही उमटले. ज्या शहराची ओळख संत्र्यांच्या निर्यातीने व्हावी, त्या शहराच्या विमानतळाचे नाव जिवंत पशूंच्या निर्यातीशी जोडले जावे काय, हा प्रश्न सर्वांच्या मनी होता. अखेर ३० जूनचा कार्यक्रम पुढे ढकलण्यात आला आणि ठरलेले उड्डाण झाले नाही.

त्यानंतर घटना वेगाने घडल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रीय नौकानयन खात्याने देशातील बंदरांवरून होणारी जिवंत पशूंची निर्यात पुढील आदेशापर्यंत थांबवल्याचे जाहीर केले. डिसेंबर २०१८ मध्ये गुजरात सरकारनेही तुणा बंदरावरील अशा निर्यातीस बंदी घातली. निर्यातदारांनी निर्बंधांना न्यायालयात आव्हान दिले. कायद्याच्या भक्कम पायाविना केवळ आदेशाने आलेली बंदी न्यायालयात तग धरीलच असे नसते, हा या प्रकरणाचा धडा होता. नागपूरचे उड्डाण लोकमताने थांबले खरे. परंतु लोकमताचे रूपांतर कायद्यात झाले नव्हते.

२०२३ चा मसुदा

याची प्रचिती पाच वर्षांनी आली. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धविकास विभागाने ७ जून २०२३ रोजी पशुधन आयात-निर्यात विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. १८९८ च्या जुन्या कायद्याची जागा घेऊन आयातीबरोबरच जिवंत पशूंच्या निर्यातीलाही कायद्याच्या चौकटीत आणावे, असा त्याचा रोख होता. पशुधनाची व्याख्या इतकी व्यापक होती की तीत मांजर व कुत्रा यांच्या कुळातील प्राणीही येत होते. सूचना व हरकती पाठवण्यासाठी मुदत मिळाली अवघी दहा दिवसांची.

जैन समाज, विविध धर्माचार्य आणि प्राणिरक्षण संस्था यांनी देशभरातून हरकती नोंदवल्या. जिवंत प्राणी ही केवळ बाजारातील वस्तू होऊ शकत नाही, हे त्या हरकतींचे सूत्र होते. २० जून २०२३ रोजी सरकारने मसुदा मागे घेतला आणि या विषयावर अधिक व्यापक विचारविनिमयाची आवश्यकता मान्य केली. पाच वर्षांच्या अंतराने, दोन्ही वेळा जून महिन्यातच, समाजाचा शांततामय आवाज ऐकला गेला. तथापि मसुदा मागे घेणे आणि बंदीचा कायदा होणे यांत मोठे अंतर आहे.

जगातील वारे

हा आग्रह केवळ जैनांचा किंवा केवळ भारतीयांचा नाही. २०१७ साली ऑस्ट्रेलियाहून आखाताकडे निघालेल्या एका जहाजावर सुमारे २४०० मेंढ्या उष्णतेने तडफडून मेल्या. त्याची चित्रफीत एप्रिल २०१८ मध्ये, म्हणजे नागपूरच्या योजनेच्या अवघे दोन-तीन महिने आधी, दूरचित्रवाणीवर दाखवली गेली आणि जग हादरले. नोव्हेंबर २०१९ मध्ये रुमानियाच्या किनाऱ्यालगत १४ हजारांहून अधिक मेंढ्या असलेले जहाज उलटले आणि फारच थोड्या वाचल्या. सप्टेंबर २०२० मध्ये न्यूझीलंडहून चीनकडे निघालेले जहाज वादळात बुडाले. त्यात सुमारे सहा हजार गाई होत्या आणि ४३ खलाशी होते. खलाशांपैकी केवळ दोघे जगले. पशूंचे आणि त्यांना वाहून नेणाऱ्या माणसांचे दुःख कसे एकत्र बांधलेले असते, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

न्यूझीलंडने ३० एप्रिल २०२३ पासून समुद्रमार्गे पशूंची निर्यात बंद केली. ब्रिटनने मे २०२४ मध्ये कत्तलीसाठी होणाऱ्या निर्यातीविरुद्ध कायदा केला. ऑस्ट्रेलियाने १ मे २०२८ पासून समुद्रमार्गे मेंढ्यांची निर्यात थांबवण्याचा कायदा २०२४ मध्ये संमत केला. या देशांतील बहुसंख्य जनता मांसाहारी आहे. म्हणजे आहार कोणताही असो, जिवंत प्राण्याला असा प्रवास घडवू नये, या एका मुद्द्यावर मतैक्य होऊ शकते. ऑस्ट्रेलियाच्या निर्णयातील आणखी एक गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. तेथे मेंढपाळांना बदलासाठी काही वर्षांची मुदत मिळाली आणि त्यांच्यासाठी सरकारने निधीही ठेवला.

मेंढपाळाचा प्रश्न

येथेच या विषयाची दुसरी बाजू सुरू होते आणि तिच्याकडे पाठ फिरवणे अनेकांतवादी समाजाला शोभणारे नाही. निर्यातीच्या समर्थकांचे म्हणणे तीन मुद्द्यांत मांडता येते. एक, ही शेळीमेंढी परदेशी गेली नाही तरी येथील बाजारात कापली जाणारच आहे. दोन, जहाजाच्या कित्येक दिवसांच्या प्रवासापेक्षा विमानाचा काही तासांचा प्रवास कमी क्लेशकारक आहे. तीन, मेंढपाळाला चार पैसे अधिक मिळत असतील तर ते अडवण्याचा अधिकार सुखवस्तू समाजाला कोणी दिला?

पहिल्या मुद्द्याचे उत्तर असे की, मागणी वाढली की पैदासही वाढते. परदेशी बाजार खुला झाला म्हणून येथील कत्तल कमी होत नाही; एकूण हिंसेत भरच पडते. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. परंतु विमानाचे तास हे प्रवासाचे एकच अंग झाले. माळरानापासून विमानतळापर्यंत आणि उतरल्यानंतर कत्तलखान्यापर्यंतचा प्रवास त्यात धरलेला नसतो. शिवाय प्राणी एकदा देशाबाहेर गेला की त्याच्यापुरते भारताचे कायदे संपतात.

तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर मात्र केवळ युक्तिवादाने देता येत नाही. उन्हातान्हात, पावसापाण्यात कळप घेऊन रानोमाळ हिंडणारा धनगर हा काही हिंसेच्या हौसेने हा व्यवसाय करीत नाही. त्याचे चराऊ रान आक्रसले आहे. पूर्वी त्याच्या मेंढीची लोकर घोंगडी विणण्यासाठी विकली जाई आणि मेंढी जिवंत राहूनही घराला उत्पन्न देई. शेतात कळप बसवला की खताच्या मोबदल्यात धान्य मिळे. स्वस्त यंत्रमागाच्या ब्लँकेटांनी घोंगडीला हटवले, लोकर कातरण्याचा खर्चही निघेनासा झाला, रासायनिक खतांनी कळप बसवण्याची चाल मागे पडली, आणि मांस हेच मेंढीचे एकमेव मोल उरले. म्हणजे मेंढी जिवंत असण्याची किंमत जसजशी घटली, तसतशी तिच्या मरणाची किंमत वाढत गेली. ज्या समाजाला मेंढी जिवंत राहावी असे वाटते, त्याने तिच्या जिवंतपणाला पुन्हा मोल मिळवून देण्यासाठी काय केले, हा प्रश्न धनगर बांधवाने विचारला तर तो अन्याय्य म्हणता येणार नाही.

शिल्लक राहिलेले कर्तव्य

उत्तराच्या दिशा परंपरेत आहेत. मुंबईतील पांजरापोळ १८३४ साली उभी राहिली, ती शेठ-सावकारांच्या दानातून. रस्त्यावरील प्राणी मारू नयेत एवढे म्हणून ते थांबले नाहीत. त्या प्राण्यांच्या चाऱ्यापाण्याची तरतूदही त्यांनी केली. आचार्य विद्यासागरजींच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या हातमाग केंद्रांत विणकरांना काम मिळाले. याच धर्तीवर लोकरीची खरेदी, घोंगडी व गालिचे विणणाऱ्या कारागिरांना भांडवल, लेंडीखताला सेंद्रिय शेतीत बाजारपेठ आणि मेंढपाळांच्या मुलामुलींसाठी शिष्यवृत्ती, या गोष्टी जैन न्यासांच्या आवाक्याबाहेरच्या नाहीत. राज्य शासनाचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ या क्षेत्रात आहेच. त्याच्या जोडीला समाजाचे दान उभे राहिले, तर निर्यातविरोध हा केवळ नकार न राहता रचनात्मक कार्य ठरेल.

दुसरे कर्तव्य आत्मपरीक्षणाचे आहे. जैन समाज हा मोठ्या प्रमाणावर व्यापारी समाज आहे. वाहतूक, गोदामे, चामडे, पशुखाद्य, समभागांतील गुंतवणूक अशा वाटांनी पंधरा कर्मादानांपैकी एखादे आपल्या दुकानात नकळत शिरले आहे काय, हे प्रत्येक श्रावकाने तपासावे. विमानतळावर निषेध करणारा हात आणि हिशेबाच्या वहीत सही करणारा हात एकच असतो.

तिसरे कर्तव्य मार्गाचे आहे. २०१८ आणि २०२३ या दोन्ही वेळी समाजाचे यश निवेदने, सभा, हरकती आणि संयम यांतून आले. कोणा एका धर्माच्या किंवा जातीच्या विरोधात तो लढा नव्हता आणि तसे रूप त्यास कधीही येऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली अहमदाबादेत पर्युषण काळात नऊ दिवस कत्तलखाने बंद ठेवण्याचा निर्णय वैध ठरवला, तोही परस्परांच्या भावनांचा आदर राखण्याच्या तत्त्वावर. आदर मागणाऱ्याने तो द्यावाही लागतो.

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात गेल्या पन्नास वर्षांच्या कार्याचे स्मरण होत असताना ३० जून २०१८ हा दिवस समाजाच्या इतिहासात नोंदला जाईल, यात शंका नाही. त्या दिवशी एक विमान उडाले नाही. परंतु भगवान नेमिनाथांच्या कथेत रथ फिरवणे हा शेवट नसून आरंभ आहे. रथ फिरल्यानंतर गिरनारची चढण चढावी लागते. नागपूरच्या जैन समाजाने रथ फिरवून दाखवला. विदर्भाच्या माळावर एखाद्या धनगराच्या अंगणात मेंढी जिवंत आहे आणि तिच्या लोकरीवर त्याच्या घरची चूल पेटते आहे, असे चित्र ज्या दिवशी समाजाच्या हातून घडेल, त्या दिवशी ती चढण पूर्ण झाली असे म्हणता येईल.